काच वाहत नाही

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं होतं, "तू कॉम्प्युटरवाली. एआयवर दहा-पंधरा मिनिटं बोल, सगळ्यांना आवडेल." मी हो म्हटलं आणि दोन दिवसांनी विषय बदलून मागितला. मला काचेवर बोलायचं आहे. कारण आपण नववीत असताना मी काचेबद्दल एक गोष्ट सगळ्या वर्गासमोर ठासून सांगितली होती. ती चुकीची होती. आणि मला खात्री आहे, तुमच्यातल्या निम्म्या लोकांना ती अजून खरी वाटते.

आपली जुनी इमारत आठवते ना? कौलारू, लांब व्हरांडा, लाकडी चौकटींच्या मोठ्या खिडक्या. विज्ञानाच्या तासाला घन, द्रव आणि वायू चालू होतं. मी एका पुरवणीत नुकतंच काहीतरी वाचलं होतं. हात वर केला, उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, काच घन नसतेच. ती फार सावकाश वाहणारा द्रव असते. गुरुत्वाकर्षणामुळे ती वर्षानुवर्षं खाली ओघळते. म्हणून युरोपातल्या जुन्या चर्चच्या काचा खाली जाड असतात. आपल्या खिडकीची काचसुद्धा बघा, खाली जाड आहे." सगळ्यांनी माना वळवून खिडकीकडे पाहिलं. बाईंनी कौतुक केलं.

तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याचं नाव मी घेणार नाही, घेऊ नको असं त्यानेच सांगितलं आहे. तुम्ही ओळखालच. त्याच्या वडिलांचं एसटी स्टँडजवळ काचेचं आणि फोटोफ्रेमचं दुकान होतं. तो म्हणाला, "बाई, काच वाहत नाही. जुनी काच मुळातच एकसारखी यायची नाही. बसवणारा जाड बाजू खाली घेतो, म्हणून ती खाली दिसते."

आणि मी म्हणाले, "तू काच विकतोस. मी विज्ञान सांगतेय."

वर्ग हसला. तुम्ही हसलात, मीही हसले. पुढचं वर्ष-दीड वर्ष आपण त्याला "काचवाला" म्हणत होतो. त्या दिवसानंतर त्याने विज्ञानाच्या तासाला हात वर केल्याचं मला आठवत नाही. मी मात्र तेच वाहत्या काचेचं भाषण वक्तृत्व स्पर्धेत करून बक्षीस घेऊन आले.

आता विज्ञानाकडे वळते, कारण ती दुरुस्ती नीट व्हायला हवी.

काच द्रव आहे असं लोकांना का वाटतं? त्यात थोडं तथ्य आहे. आपला प्रार्थनेचा तास आठवा. रांगा सरळ, हाताच्या अंतरावर मुलं. मीठ, साखर, बर्फ यांचे अणू-रेणू असे रांगेत उभे असतात, त्याला स्फटिक म्हणतात. मधल्या सुट्टीत मैदानावर पळणारी मुलं म्हणजे द्रव. आता पळापळ चालू असताना कुणी तरी "स्टॅच्यू!" म्हणून ओरडलं, तर सगळे आहेत तिथे थिजतात. रांग नाही, शिस्त नाही, पण हलतही कुणी नाही. काच ही अशी आहे. तिच्या अणूंची मांडणी द्रवासारखी विस्कळीत असते, पण ते जागा सोडत नाहीत. फोटो काढला तर द्रव वाटेल, हात लावला तर घन आहे.

मग "स्टॅच्यू" इतका पक्का आहे का? शेकडो वर्षांत अणू थोडेसेही सरकत नसतील का? हा प्रश्न शास्त्रज्ञांनी गंभीरपणे घेतला. १९९८ मध्ये ब्राझीलचे एडगर झानोट्टो यांनी याचं गणित मांडून दाखवलं, की चर्चच्या काचा नेहमीच्या तापमानाला डोळ्यांना दिसेल इतक्या वाहणं शक्यच नाही. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी अमेरिकेतल्या संशोधकांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या मध्ययुगीन काचेचं रासायनिक प्रमाण घेऊन तशीच काच प्रयोगशाळेत बनवली आणि तिची मोजमापं केली. ती काच आधीच्या अंदाजांपेक्षा खूपच कमी घट्ट निघाली. तरीसुद्धा उत्तर काय आलं? एक अब्ज वर्षांत ती जास्तीत जास्त एक नॅनोमीटर सरकेल. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चर्च उभं राहून हजार वर्षंही झालेली नाहीत.

कुणी म्हणेल, डांबर पण घट्टच असतं, ते तर वाहतं. बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी नरसाळ्यात डांबरासारखं पिच भरून ठेवलं. हातोडीने मारलं तर फुटतं असं पिच. पहिला थेंब पडला १९३८ मध्ये आणि नववा २०१४ मध्ये. ते पिच पाण्याच्या अब्जावधी पट घट्ट आहे. आणि ती मध्ययुगीन काच त्या पिचच्याही एकावर सोळा शून्यं इतक्या पट घट्ट भरते. दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन काचेची भांडी संग्रहालयांत आहेत. ती ओघळून बसकी झालेली नाहीत.

मग चर्चच्या काचा खाली जाड कशा? जुन्या काळी काचेचा गोळा फुंकून, नळीवर गरगर फिरवून त्याची मोठी तबकडी करत. मध्यभागी ती जाड राही, कडेला पातळ. तिच्यातून तुकडे कापले की प्रत्येकाची एक बाजू जाड निघणारच. बसवणारा बरेचदा जाड बाजू खाली घेई. पण नेहमीच नाही. जाड बाजू वर असलेल्या जुन्या काचाही सापडतात. त्या काय उलट्या वाहिल्या?

म्हणजे मागच्या बाकावरचं उत्तर शब्दशः बरोबर होतं.

मला हे कधी कळलं? माझी मुलगी आठवीत होती. ती एक दिवस मोबाइल घेऊन आली. "आई, काच द्रव असते ना गं?" मी सवयीने हो म्हटलं आणि चर्चची गोष्टही सांगितली. रात्री काय वाटलं कोण जाणे, जरा शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना तिला सांगितलं की मी काल चुकीचं सांगितलं. ती सहज म्हणाली, "ओके." मला मात्र आपला वर्ग आठवत राहिला. हे व्हायला इतकी वर्षं लागली याची लाज जास्त वाटली, कारण माझं पोट काचेवरच चालतं. आमची टीम ऑप्टिकल फायबरच्या नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिते. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, तो कुठे किती कमी झाला ते आम्ही बघतो. रोज काच, आणि काच काय आहे हे माहीत नाही!

तर मग गुरुत्वाकर्षणाचा काचेशी काहीच संबंध नाही का? आहे, भरपूर आहे. फक्त तो काच वितळलेली असताना आहे. आपल्या खिडकीची साधी काच साधारण साडेचौदाशे अंशांना मधासारखी असते. हजार अंशांजवळ ती चांगलीच दाट होते. साडेपाचशेच्या आसपास तिचा "स्टॅच्यू" होतो. जे काही व्हायचं ते या उतरणीवर. त्यानंतर गुरुत्वाकर्षण कितीही ओढत राहिलं तरी तिचा आकार बदलत नाही.

आपल्या कराडच्या भागाला काच नवीन नाही. ओगलेवाडीचा काच कारखाना आपल्या आजी-आजोबांनी पाहिला आहे, आणि तिथला "प्रभाकर" कंदील आपल्यातल्या कितीतरी जणांच्या माळ्यावर असेल. काच फुंकणारा कारागीर बघितलात तर एक गोष्ट लक्षात येईल. तो नळी कधीही स्थिर धरत नाही, सतत गोल फिरवत असतो. हात थांबला की गोळा खाली लोंबतो आणि भांडं वाकडं होतं. त्याची निम्मी कारागिरी गुरुत्वाकर्षणाला चुकवण्याची आहे.

उलट सपाट काच बनवणाऱ्यांनी त्याच गुरुत्वाकर्षणाला कामाला लावलं. १९५२ मध्ये इंग्लंडच्या ॲलिस्टर पिल्किंग्टन यांना कल्पना सुचली की वितळलेली काच वितळलेल्या कथलावर ओतायची. आमटीवर तेलाची तर्री तरंगते तशी काच कथलावर तरंगते. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे हजार अंशांची काच त्यावर पसरून सहाशेला थंड होऊन उचलली तरी खालचं कथील द्रवच राहतं. वर गुरुत्वाकर्षणाने सपाट, खाली द्रवाचा सपाट पृष्ठभाग. घासायला नको, पॉलिश नको. हे जमायला आणि जाहीर व्हायला १९५९ साल उजाडलं. हीच फ्लोट काच.

यात एक मजा आहे. तुळतुळीत फरशीवर पाणी सांडलं की ते कागदासारखं पातळ पसरत नाही, एका ठरावीक जाडीचं थारोळं होऊन थांबतं. गुरुत्वाकर्षण पसरवतं आणि पृष्ठताण आवरून धरतो. काचेचंही तसंच. कथलावर तिला मोकळं सोडलं तर ती आपली आपण साडेसहा-सात मिलिमीटर जाडीवर थांबते. पातळ हवी असेल तर ओढावी लागते, जाड हवी असेल तर अडवावी लागते.

आता माझ्या कामाची काच. फायबरचा तंतू ओढतात तेव्हा उंच मनोऱ्याच्या वरच्या टोकाला शुद्ध काचेची कांडी टांगतात आणि तिचं खालचं टोक दोन हजार अंशांच्या आसपास तापवतात. एक थेंब सुटतो, खाली पडतो आणि मागे बारीक धागा सोडत येतो. म्हणजे पहिला धागा गुरुत्वाकर्षणच ओढतं. पुढे यंत्र तो धागा गुंडाळत राहतं. या काचेतून प्रकाश जाताना दर किलोमीटरला साधारण साडेचार टक्के कमी होतो. १०० किलोमीटरनंतर शंभरातला एकच भाग उरतो. म्हणून मुंबईत वर्सोव्याला येणाऱ्या समुद्राखालच्या केबल्समध्ये ठरावीक अंतरावर प्रकाश वाढवणारी यंत्रं समुद्राच्या तळाशी ठेवावी लागतात.

यापेक्षा पारदर्शक काच असू शकते का? हिशोबाने असू शकते. १९७४ मध्ये फ्रान्समधल्या रेन विद्यापीठात पुलँ बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अपघातानेच एक वेगळी काच सापडली, वाळूची नव्हे तर फ्लोराइडची. तिच्यातूनच पुढे झेडब्लान नावाची काच आली. झिर्कोनियम, बेरियम, लँथॅनम, ॲल्युमिनियम आणि सोडियम यांची फ्लोराइडं एकत्र. कागदावर ही काच आपल्या फायबरच्या दहापट आणि त्याहूनही जास्त पारदर्शक ठरते. प्रत्यक्षात जमिनीवर ओढलेला तंतू त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही, कारण थंड होता होता तिच्यात बारीक स्फटिक धरतात आणि प्रकाश त्यांच्यावर विखुरतो.

हे बायकांना, आणि पाक करणाऱ्या पुरुषांनाही, लगेच कळेल. पाक होत आला की आपण तो कालथ्याने उगाच ढवळत बसत नाही. ढवळला की साखर परत खडे धरते. न ढवळता थंड केला तर काचेसारखा पारदर्शक राहतो, आणि ती खरोखरच साखरेची काच असते. झेडब्लान वितळल्यावर पाकापेक्षाही नाजूक असते. पण भट्टीत तिला कालथा कोण घालतं? गुरुत्वाकर्षण. गरम भाग हलका, तो वर जातो. थंड भाग जड, तो खाली येतो. पातेल्यातल्या पाण्यासारखं ते आतल्या आत ढवळत राहतं. जड घटक खाली बसू पाहतात ते वेगळंच. वाळूची काच इतकी दाट असते की तिला या ढवळण्याचा फारसा फरक पडत नाही. झेडब्लानला पडतो. तिच्यात स्फटिक नेमके का धरतात यावर अजून एकमत नाही, पण ढवळणं हे त्यातलं एक मुख्य संशयित आहे.

मग १९९० च्या दशकात, म्हणजे आपण इथे बाकांवर बसलो होतो साधारण त्याच काळात, नासाच्या मार्शल केंद्रातल्या डेनिस टकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासायचं ठरवलं. विमान कमानीसारखं वर नेऊन खाली आणलं की आतल्या वस्तू वीस-पंचवीस सेकंद वजनहीन होतात. त्या अवधीत त्यांनी झेडब्लानचे तंतू तापवून थंड केले. जमिनीवर तसंच केलेल्या तंतूंत स्फटिक धरले होते, वजनहीन अवस्थेतले स्वच्छ राहिले.

पंचवीस सेकंदांत केबल होत नाही. म्हणून हे काम आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेलं. इथेही शाळेतला एक गैरसमज काढून टाकू. स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर आहे, तिथे गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं. जमिनीच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. पण स्थानक आणि आतलं सगळं पृथ्वीभोवती एकत्रच पडत असतं, म्हणून आत काही वर जात नाही की खाली बसत नाही. कालथा थांबतो. २०२४ च्या सुरुवातीला फ्लॉलेस फोटॉनिक्स या कंपनीच्या छोट्या यंत्राने तिथे ११ किलोमीटरहून जास्त झेडब्लान तंतू ओढला. त्यातला एक तंतू सलग एक किलोमीटरपेक्षा लांब होता. समुद्राखालच्या केबलला हे अजून परवडणारं नाही. पण वितळलेल्या काचेवरून गुरुत्वाकर्षणाचा हात काढला तर काय होतं, हे बघायला माणूस अवकाशापर्यंत गेला.

आता शेवटचं.

मेळाव्याच्या तयारीसाठी मी डिसेंबरमध्ये गावी आले होते, तेव्हा त्याच्या दुकानात गेले. दुकान तिथेच आहे, आता ॲल्युमिनियमच्या खिडक्याही करतो. चहा आला. मी म्हटलं, "नववीत मी तुला वर्गात काहीतरी बोलले होते." तो म्हणाला, "काच विकतोस, ते ना?" त्याला शब्दसुद्धा तसेच आठवत होते.

मी माफी मागितली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला खरं सांगू? मला वाटलं होतं, तू म्हणतेस म्हणजे तेच बरोबर असणार. वडील चुकीचे असतील." त्याने दुकानाच्या मागच्या भिंतीला एक काच उभी करून ठेवली होती. आयटीआयला गेल्यावर तिथल्या मायक्रोमीटरने तिच्या चारही कडा मोजून वहीत लिहिल्या. दर दिवाळीला पुन्हा मोजायचा. किती वर्षं? "आठ. मग कंटाळलो. आकडा हलतच नव्हता."

पुढे आपल्या शाळेची जुनी इमारत पाडली, तेव्हा खिडक्या उतरवायचं काम त्याच्याकडेच आलं. काढण्याआधी त्याने प्रत्येक तावदानावर रंगाने "वर" असं लिहिलं, आणि मग मोजली. जाड कड कुठे खाली होती, कुठे वर, कुठे आडव्या बाजूला. त्याने हे कुणालाही सांगितलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

मी एका पुरवणीतलं वाचून बक्षीस घेतलं. त्याने आठ वर्षं मोजलं. आपल्या वर्गात विज्ञान कुणी केलं, ते तुम्हीच ठरवा.

मी त्याला विचारलं, मी काय करू? तो म्हणाला, "मला काही नको. पण सगळ्यांच्या डोक्यात अजून तेच असेल. तू बोलायला उभी राहशील तेव्हा तेवढं नीट करून टाक." म्हणून आज एआय नाही, काच. बाई, तुम्ही समोर बसला आहात. त्या दिवशी तुम्ही माझं कौतुक केलं होतंत, ते मी आज परत करते. ते मागच्या बाकाचं आहे.

आणि मित्रा, तू कुठे बसला आहेस ते मला दिसतंय, आजही मागेच. वर्गासमोर बोलले होते, म्हणून वर्गासमोरच सांगते. माझं चुकलं.

त्याने शाळेच्या जुन्या खिडकीचं एक तावदान आज सोबत आणलं आहे. जेवणाच्या रांगेजवळच्या टेबलावर ठेवलंय, शेजारी मायक्रोमीटर आहे. तावदानावर "वर" लिहिलेलं दिसेल. जाड कड कुठल्या बाजूला आहे ते मी सांगणार नाही. जेवायला जाताना चारही बाजू स्वतः मोजा. कडा धारदार आहेत, हात जपा.